नाशिकची वाईन टूर: स्वतंत्र गाडी की छोटा ग्रुप? (धुळ्याहून पाच जण, त्यात सासूबाई)

पांझराकाठ
सोमवार, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी.

जानेवारीच्या शेवटी धुळ्याहून नाशिकला दोन दिवस जायचं ठरतंय. मी, नवरा, नणंद, नंदोई आणि सासूबाई. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. त्या घेत नाहीत, पण 'द्राक्षाची वाईन कशी करतात ते मला बघायचंय' असं त्यांनी स्वतःहून सांगितलंय. त्यामुळे त्यांना घरी ठेवून जायचा प्रश्नच नाही. नणंदेला वाईनची खरी आवड आहे, नंदोईंना फोटोंची आणि नवऱ्याला जेवणाची.

दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे फक्त आपली टूर: गाडी, ड्रायव्हर, सोबत गाईड, तीन वायनऱ्या. दुसरा छोटा ग्रुप: बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर नाशिकमधून सकाळी निघते आणि संध्याकाळी परत सोडते. त्यात आपण पाच, बाकी अनोळखी. ग्रुपचा माणशी खर्च निम्मा पडतो.

नवरा म्हणतो, अनोळखी लोकांत आई अवघडेल. नणंद म्हणते, ग्रुपमध्ये दहा माणसं दहा प्रश्न विचारतात, त्यातून जास्त कळतं. मला दोघांचंही पटतंय, म्हणून इथे विचारते. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी दिवस कसा गेला ते लिहा. पैशांचं आम्ही बघून घेऊ.

लळिंग
सोमवार, रात्री ८:५२

सासूबाई सोबत आहेत ना? मग स्वतंत्र गाडी. विषय संपला.

मेहरूण
सोमवार, रात्री ९:३०

लळिंगदादा, एवढ्यात नका संपवू.

आम्ही दोघं छोट्या ग्रुपने गेलो होतो, आणि तो दिवस ग्रुपमुळेच चांगला गेला. आमच्यासोबत पुण्याच्या दोघी मैत्रिणी होत्या, एक निवृत्त बँकवाले काका-काकू होते आणि मुंबईचं एक तरुण जोडपं. पहिल्या ठिकाणी सगळे गप्प. टेस्टिंगला बसलो तसं काकांनी सरळ विचारलं, 'हा ग्लास दांडीलाच का धरायचा?' हाताच्या उबेने वाईन गरम होते, म्हणून, असं उत्तर मिळालं आणि मग सगळ्यांचीच तोंडं सुटली. फसफसणारी आधी का, पांढरी नंतर का, लाल शेवटी का. जीभ जड चवीला सरावली की मागून आलेली हलकी चव कळत नाही, म्हणून हा क्रम असतो. मला हे सगळं त्या काकांमुळे कळलं, कारण विचारायची मला लाज वाटत होती.

दोघंच गेलो असतो तर आम्ही मान डोलावून पुढे सरकलो असतो. नणंदेचं म्हणणं त्यामुळे मला पूर्ण पटतं.

अहिराणी_मानूस
सोमवार, रात्री ९:४१

काय वं ताई, नाशिक जाई राहिनी का? मना मत इचारशी ते गाडी सोतानीच कर. सासू संगे शे, मंग कसाले इचारी राहिनी!

आणि डब्यात कळण्याची भाकरी आन् ठेचा घ्या. वायनरीतलं चीज नवऱ्याला पुरणार नाही.

पांझराकाठ
सोमवार, रात्री ९:४८

भाऊ, ठेचा आधीच यादीत आहे. :)

भुसावळ_जंक्शन
सोमवार, रात्री १०:१५

खर्चाआधी एक प्रश्न: गाडी कोण चालवणार?

ड्रायव्हरसकट घेताय म्हणून सुटलात. पण हा धागा वाचून कोणी 'आपलीच गाडी आहे, चालवू की' म्हणेल, त्यांच्यासाठी लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टेस्टिंगचे घोट छोटे असतात हे खरं, पण तीन ठिकाणी पाच-पाच घोट घेतले की बेरीज छोटी राहत नाही. परतीला चांदवडजवळ राहुडचा घाट आहे आणि ट्रकांची रांग असते. घरातल्या एकाने न घेता गाडी चालवायची असेल तर ते आदल्या दिवशीच ठरवा. तिथे पोचल्यावर ठरवायला गेलं की कोणीतरी नाराज होतं.

आम्ही जळगाव-भुसावळचे लोक बहुतेक रेल्वेने जातो. चाळीसगाव, मनमाड करत नाशिकरोडला उतरायचं आणि गाडी तिथली घ्यायची. इकडून रस्त्याने पाच तास बसून जायचं आणि मग पुन्हा दिवसभर गाडीतच, हे वयस्कर माणसाला जड जातं. धुळ्याहून तीन-साडेतीन तासांत होतं, तुम्हाला रस्ता परवडेल.

केळीबाग_रावेर
सोमवार, रात्री ११:०५

मी शेतकरी. वाईन फारशी पीत नाही, पण द्राक्षबाग बघायला गेलो होतो. माझं मत स्वतंत्र गाडीला आहे आणि त्याचं कारण वेगळं आहे.

ग्रुपच्या टूरमध्ये बागेला दहा मिनिटं देतात. रांगेच्या तोंडाशी उभं करतात, फोटो काढू देतात आणि लगेच टाक्यांकडे नेतात. मला आत जाऊन ओळ बघायची होती. आपल्याकडे केळीला ठिबक आहे तसंच तिथे वेलींना आहे, पण पाणी सोडायची रीत उलटी. आपण केळी तहानलेली ठेवत नाही. वाईनच्या वेलीला मणी पिकताना मुद्दाम पाण्याचा ताण देतात, म्हणजे मणी छोटा राहतो आणि रस घट्ट होतो. खायच्या थॉमसन द्राक्षाला मणी फुगवायला जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) बुडवतात, इथे ते करत नाहीत. एकरी मालही मुद्दाम कमी ठेवतात. खायचं द्राक्ष मांडवावर किंवा इंग्रजी Y आकाराच्या आधारावर असतं. वाईनचं उभ्या तारांवर भिंतीसारखं चढवलेलं दिसतं, म्हणजे घडाला ऊन-वारा नीट मिळतो.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. युरोपात थंडीत वेल झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी (नवी काडी वाढवायला), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळ धरायला). माल एकदाच घेतात, साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे तुम्ही जाताय तो काळ तोडणीचा. पहाटे गारव्यात घड तोडतात, कारण तापलेलं द्राक्ष टाकीपर्यंत पोचायच्या आतच आंबायला लागतं. सकाळी लवकर पोचलात तर क्रेट भरताना बघायला मिळेल. ग्रुपची गाडी नाशिकमधूनच साडेदहाला निघाली तर ते गेलं.

सासूबाईंना 'कशी करतात ते' बघायचंय ना? ते बागेत सुरू होतं, ग्लासात नाही. त्यांना ओळीत उभं करून तिथल्या माणसाशी बोलू द्या. शेतीच्या घरातल्या असतील तर त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा चांगले निघतील.

मेहरूण
मंगळवार, सकाळी ७:२०

केळीबागदादा, फार छान लिहिलंत. पण तुमचा मुद्दा ग्रुपच्या विरोधात जात नाही, दहा मिनिटांत उरकणाऱ्या टूरच्या विरोधात जातो. आमच्या गाईडने बागेत बराच वेळ दिला होता, कारण बँकवाल्या काकांचं सासर पिंपळगाव बसवंतचं आणि त्यांना द्राक्षातलं सगळं माहीत. ते दोघं बोलत होते, आम्ही ऐकत होतो.

केळीबाग_रावेर
मंगळवार, सकाळी ७:४५

ते काका भेटतील याची खात्री नसते ना ताई. ग्रुप चांगला मिळणं नशिबावर आहे.

गिरणाई
मंगळवार, सकाळी ८:३०

केळीबाग यांच्याशी सहमत. आमच्या ग्रुपमध्ये कॉलेजच्या पाच मित्रांची टोळी होती. पहिल्याच ठिकाणी ते पाऊण तास उशिरा गाडीत आले, दुसऱ्या ठिकाणी गाणी सुरू झाली, तिसरं ठिकाण अंधारात बघितलं. पोरं वाईट नव्हती, मजा करायलाच आली होती. पण त्यांचा दिवस आणि आमचा दिवस वेगळा होता. टूरवाल्यालाही काही बोलता येईना, तेही गिऱ्हाईकच.

पांझराताई, ग्रुप घेतलात तर बुकिंगआधी एवढं विचारा: बाकीचे कोण आहेत, एकाच टोळीला किती सीट दिल्यात आणि उशीर करणाऱ्यासाठी गाडी किती वेळ थांबते. नीट चालवणारा माणूस याचं सरळ उत्तर देतो.

सीए_अमळनेर
मंगळवार, सकाळी ११:१०

'निम्मा खर्च' हा आकडा मला तपासून घ्यावासा वाटतो. खालचे आकडे कल्पित आहेत, तुमच्या कोटेशनमधले घालून बघा.

समजा स्वतंत्र टूरचे एकूण १५,००० सांगितले, म्हणजे माणशी ३,०००. ग्रुपचे माणशी १,५००, म्हणजे पाच जणांचे ७,५००. दिसायला निम्मे. आता १५,००० फोडून मागा. समजा गाडी-ड्रायव्हर ५,०००, गाईड ४,००० आणि टूर-टेस्टिंग पाच जणांचे ६,०००. वायनरीत त्यांचा स्वतःचा माणूस फिरवून दाखवतोच, मग बाहेरचा गाईड कशाला? तो काढला की ११,०००. सासूबाई टेस्टिंग करणार नाहीत, त्यांची फक्त टूर घेतली तर आणखी ८०० वाचले असं धरू. राहिले १०,२००. फरक २,७०० रुपयांचा, म्हणजे माणशी ५४०.

ग्रुपच्या पॅकेजमध्ये टेस्टिंग सगळ्यांच्या डोक्यावर बसवलेलं असतं, न घेणाऱ्याचे पैसे सहसा कमी होत नाहीत. तुम्ही पाच आहात. दोघांसाठी ग्रुप स्वस्त पडतो यात शंका नाही. चार-पाच माणसं झाली की गाडी आपलीच भरते आणि हिशोब बदलतो.

लळिंग
मंगळवार, सकाळी ११:२५

हेच म्हणत होतो, थोडक्यात.

गडवाट
मंगळवार, दुपारी १:००

स्वतंत्र गाडी असेल तर आणखी एक फायदा. नाशिक-दिंडोरी-वणी रस्ता एकच आहे. सकाळी सप्तशृंगी गडावर दर्शन, येताना दिंडोरीकडे एक वायनरी. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, सासूबाईंना पायऱ्या चढायला नकोत. ग्रुपवाला गडावर थांबणार नाही.

नाना_साक्री
मंगळवार, दुपारी १:४०

गडवाट, राग मानू नका, पण हे मला पटलं नाही. आमच्या गावातून चैत्रात माणसं पायी गडावर जातात, उन्हात, पायाला फोड घेऊन. त्याच दिवशी दर्शनाला जोडून पिण्याच्या ठिकाणी जायचं, हे नको. ज्याला जे करायचं ते करावं, पण दोन्ही एका सकाळीत बसवू नये.

गडवाट
मंगळवार, दुपारी २:०५

नाना, मला दुखवायचं नव्हतं. माझी आईही पायी गेलेली आहे. मी फक्त रस्त्याची सोय सांगितली.

मेहरूण
मंगळवार, दुपारी २:३०

दोन दिवस आहेत ना? पहिला दिवस वायनरी, मुक्काम नाशिकला, दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून गड आणि मग तिकडूनच घरी. नानांचाही मान राहतो.

नाना_साक्री
मंगळवार, दुपारी ३:१०

हे चालेल. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघा म्हणजे गर्दी लागत नाही. उतरल्यावर वणी-पिंपळगाव रस्त्याने हायवेला लागा, नाशिकला परत जायची गरज नाही.

सातपुडा_पायथा
मंगळवार, सायंकाळी ५:५०

मी नंदुरबारकडची. धागा वाचताना थोडी अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते. आमच्याकडे बचत गटाच्या बायका वर्षानुवर्षं दारूविरुद्ध उभ्या आहेत. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं, पण तिथवर पोचायला त्यांना काय सोसावं लागतं ते मी जवळून बघते. 'वाईन म्हणजे दारू नाही' असं जे सर्रास बोललं जातं ते मला मान्य नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हा इतका विरोध झाला तो उगाच नाही.

तुम्ही जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. फक्त ते 'द्राक्षाचा रस' म्हणून सांगू नका, विशेषतः घरातल्या लहान मुलांना.

पांझराकाठ
मंगळवार, रात्री ८:१५

सातपुडाताई, लिहिलंत ते बरं केलंत. सासूबाईंच्या माहेरी दारूने एक घर बसलेलं त्यांनी पाहिलंय. त्या घेत नाहीत त्यामागे तेच आहे. तरी बघायचंय म्हणतात, कारण त्यांच्या भावाने पूर्वी निफाडला द्राक्षबाग वाट्याने केली होती आणि 'आमची द्राक्षं जायची कुठे' हा प्रश्न त्यांच्या मनात राहिलाय. मुलं सोबत नाहीत. आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे, वाईनमध्ये अल्कोहोल असतंच. आम्ही घरातही तसंच बोलतो.

केळीबाग_रावेर
मंगळवार, रात्री ८:४०

निफाड! मग त्यांना नक्की बागेत न्या. निफाडकडे विंचूरला वाईन पार्क आहे, २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर तिकडे वायनऱ्यांना चालना मिळाली. बागायतदारांना खायच्या द्राक्षाशिवाय दुसरी वाट मिळावी हा त्यामागचा एक हेतू. पण भावाची बाग खायच्या द्राक्षाची असेल तर ती द्राक्षं बाजारात, निर्यातीला किंवा बेदाण्याला गेली असणार. वाईनचं वाण वेगळं: शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां, शिराझ, कॅबरने. मणी छोटा, साल जाड, आत बिया.

सॅनहोजेची_लेवा
बुधवार, सकाळी ६:१०

मूळ फैजपूरची, आता कॅलिफोर्नियात. वाईनसाठी प्रसिद्ध असलेली इथली नापा व्हॅली जवळ असल्याने पाहुणे आले की हाच प्रश्न आमच्या घरात निघतो.

नापात फरक पडतो तो वेळ ठरवून घेण्याचा. १९९० च्या तिथल्या काउंटीच्या नियमामुळे त्यानंतरच्या वायनऱ्यांत आधी वेळ घेतल्याशिवाय टेस्टिंग करता येत नाही. छोट्या घरगुती वायनऱ्या तर एका वेळी मोजकीच माणसं घेतात. म्हणून बसमधून जाणारा ग्रुप बहुधा मोठ्या, ओळखीच्या नावांकडे जातो. स्वतंत्र गेलात तर अशा घरी पोचता जिथे मालकच ओतून देतो आणि बोलत बसतो. दुसरीकडे, हायवे २९ वर सुट्टीच्या दिवशी इतकी गर्दी असते की स्वतः गाडी चालवण्यात अर्थ नाही. आई-बाबा आले होते तेव्हा ड्रायव्हरसह गाडी केली, दोनच ठिकाणं घेतली आणि मध्ये निवांत जेवलो. बाबांना झाडाखालचं बाक सर्वात जास्त आवडलं.

तीन वायनऱ्या एका दिवसात वयस्कर माणसासोबत नकोत. दोन पुरे.

अहिराणी_मानूस
बुधवार, सकाळी ८:००

फैजपूर ते नापा! ताई, तिकडे भरीत मिळतं का?

सॅनहोजेची_लेवा
बुधवार, सकाळी ८:२०

वांगी इथली, भाजायची पद्धत आपली. आणि हो, भरतासोबत थंड सोव्हिन्यो ब्लां छान लागते. शेवभाजीसोबत मात्र लाल वाईन घेऊ नका, तिखट आणखी चढतं. किंचित गोडसर शेनिन ब्लां घ्या.

लळिंग
बुधवार, सकाळी ८:३१

शेवभाजीसोबत ताक.

संपादक_मंडळ
बुधवार, सकाळी ९:००

जेवणाची चर्चा पाककृती विभागात चालू ठेवावी. इथे टूरबद्दल लिहा.

माहेर_शिरपूर
बुधवार, दुपारी १२:४५

माहेर शिरपूर, सासर नाशिक. लग्नाआधी एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगते. वर एक गोष्ट राहून गेली.

स्वतंत्र टूर घेतली तरी वायनरीच्या आत तुम्ही बहुतेक वेळा ग्रुपमध्येच असता. मोठ्या ठिकाणी ठरलेल्या वेळांना त्यांची स्वतःची टूर सुटते. त्या वेळेला जे जे आलेत ते सगळे एकत्र फिरतात: पाच तुम्ही, बाकी इतर. थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं, मग टेस्टिंग. म्हणजे नणंदेला हवे ते 'दहा जणांचे दहा प्रश्न' तिथे मिळतातच. आणि ग्रुपच्या गाडीतून आलेले लोकही त्याच टूरला असतात. तुम्ही विचारताय तो प्रश्न खरं तर दोन तुकड्यांचा आहे: गाडी कोणासोबत, आणि टेस्टिंगचं टेबल कोणासोबत. दोन्हीचं उत्तर एकच असायला हवं असं नाही.

तुमच्यासाठी मी गाडी स्वतंत्र घेईन, कारण सासूबाई दमल्या की निघता यायला हवं. पहिल्या ठिकाणी वायनरीची नेहमीची टूर सगळ्यांसोबत घ्या. दुसरं ठिकाण छोटं निवडा आणि आधी फोन करून आपल्या पाच जणांची वेळ घ्या. तिथे नणंदेला मनासारखं बोलता येईल आणि सासूबाईंना बागेत वेळ मिळेल.

दिशा एकच धरा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत. सुलाची पहिली वाईन २००० साली आली, टेस्टिंग रूम २००५ मध्ये उघडली. नाशिकला लोक वाईनसाठी यायला लागले ते त्यानंतर. यॉर्क २०२१ मध्ये सुलाने घेतली, तरी जागा छोटी आणि धरणाकडे तोंड करून आहे. दुसरी बाजू इगतपुरीकडची, तिथे ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने. तिसरी दिंडोरीची, तिथे शाँदों आहे, फसफसणारी वाईन बघायची तर ती. पण जाण्याआधी फोन कराच. तीन बाजू एका दिवसात करायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल. टूरवाले 'तीन वायनऱ्या' सांगतात तेव्हा त्या कुठल्या हे विचारा.

न पिणाऱ्यांसाठी एक. टेस्टिंगच्या टेबलावर सासूबाईंना एकटं वाटू नये म्हणून त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस किंवा दुसरं काही आहे का ते आधी विचारून ठेवा. आणि वास घ्यायला त्यांनाही ग्लास द्या. आमच्याकडे न पिणाऱ्या आजी वास अचूक ओळखायच्या, पेरू, लिंबाची साल, मिरी. वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेला असतो ना.

मेहरूण
बुधवार, दुपारी १:१५

हे मला सुचलंच नव्हतं. आमचे बँकवाले काका त्या नेहमीच्या टूरमध्येही भेटू शकतात म्हणजे. मी माझं मत बदलते: पाच जणांना स्वतंत्र गाडी. दोघांना मात्र अजूनही ग्रुपच सांगेन.

गिरणाई
बुधवार, दुपारी १:४०

आणि एकट्या जाणाऱ्या बाईला? माझी बहीण जायचं म्हणतेय.

माहेर_शिरपूर
बुधवार, दुपारी २:००

एकटीला छोटा ग्रुप. नाशिकच्या हॉटेलवरून घेणारा आणि तिथेच सोडणारा. अनोळखी ड्रायव्हरसोबत दिवसभर एकटीने फिरण्यापेक्षा त्यात तिला मोकळं वाटेल, आणि टेबलावर बोलायला माणसं मिळतील.

पांझराकाठ
बुधवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सगळ्यांसमोर धागा वाचून दाखवला. नणंद लगेच तयार झाली, सासूबाईंनी केळीबागदादांचा प्रतिसाद पुन्हा वाचायला लावला.

ठरलं असं: गाडी स्वतंत्र, बाहेरचा गाईड नाही, दोनच वायनऱ्या, दोन्ही गंगापूर बाजूला. पहिल्या ठिकाणी नेहमीची टूर, दुसऱ्या ठिकाणी आमची वेळ. दुसऱ्या दिवशी पहाटे गड. तारखा २५ आणि २६ जानेवारी, जोडून सुट्टी मिळतेय.

सीए_अमळनेर
बुधवार, रात्री ९:२२

२६ जानेवारी ड्राय डे आहे. तुमची वायनरी २५ ला आहे, त्यामुळे चालेल. पण उलट करू नका.

माहेर_शिरपूर
बुधवार, रात्री ९:४०

चालेल, पण मी ती तारीख घेणार नाही. जोडून सुट्टीला मुंबई-पुण्याची सगळी गर्दी नाशकात असते. नेहमीच्या टूरची वेळ मिळायला तिष्ठावं लागेल आणि छोट्या वायनरीला तुम्हाला निवांत वेळ देणं जमणार नाही. गडावरही सुट्टीची गर्दी. फेब्रुवारीत आठवड्याच्या मधले दोन दिवस घ्या. तोडणी तेव्हाही चालू असते. सुलाफेस्ट (सुलाचा संगीत महोत्सव) कधी आहे ते बघून त्याच्या आसपासचे दिवस टाळा. कुठली निवडणूक असेल तर तेही बघा, मतदानाआधीच विक्री बंद होते.

आणि सगळ्यांनी वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र घ्या. राज्यात वाईनसाठी एकवीस वर्षं पूर्ण लागतात. तुमच्यात कोणी लहान नाही, पण विचारतात.

पांझराकाठ
बुधवार, रात्री १०:०५

नवऱ्याला मधल्या वारी सुट्टी मिळते का ते उद्या कळेल. मिळाली तर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. सासूबाई विचारताहेत, तेव्हा तोडणी बघायला किती वाजता पोचावं?

केळीबाग_रावेर
बुधवार, रात्री १०:३०

उजाडताच. पण रोज प्रत्येक प्लॉटवर तोडणी नसते, साखर तपासून ठरवतात. आदल्या दिवशी वायनरीला फोन करून 'उद्या कुठल्या वाणाची तोडणी आहे, बघायला येऊ का' असं विचारा. हो म्हणाले तर आदल्या रात्रीच नाशिकला मुक्कामाला या. धुळ्याहून पहाटे निघून ते गाठता येणार नाही.